मोहिनीचं नवं-जुनं

मखमलाबादच्या सावळीराम मौल्यांची मोहिनी आहारतज्ज्ञ व्हायची राहिली. नापास झाली म्हणून नव्हे, लग्न लवकर उरकलं म्हणून नव्हे, आणि बाप आडवा आला म्हणून तर मुळीच नव्हे. बापानं तिला शिकवायचं ठरवलं, कर्ज काढलं आणि ते कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी व्याजासकट फेडून टाकलं. म्हणून ती राहिली. ऐकणारा इथं हटकून म्हणतो, काहीतरी चुकतंय तुमचं. चुकलं होतंच, पण ते पुढे येईल.

सुरुवात झाली शहाण्णव साली, सरकारी दवाखान्यात. मोहिनीची आई रंगूबाई मेथीच्या वाफ्यात चक्कर येऊन पडली. अंगात रक्त कमी. मोहिनी तेव्हा आठवीत. आईच्या खाटेच्या पायथ्याशी ती पिशवी धरून उभी होती, तेवढ्यात पांढरा कोट घातलेली एक बाई खाटांमधून विचारत विचारत आली. डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. रंगूबाईजवळ टेकून तिनं विचारलं, “मावशी, काल रात्री काय जेवलात?”

रंगूबाई लाजली. जन्मात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. जेवलीस का, हे एखाद्या वेळी कुणी विचारी. काय जेवलीस, हे कोण विचारतो?

“उरलं ते,” ती म्हणाली.

“काय उरलं होतं?”

“कालवण सरलं व्हतं. भाकर आन् मिरची.”

“मेथी नाही खात?”

“मेथी घरचीच हाय ना ताई. पन ती बाजाराला जाती. घरी कोन खातं?”

खरंच होतं ते. मौल्यांचे मळे पिढ्यान् पिढ्या मेथी-कोथिंबिरीचे. भरदार जुड्या बाजाराला, जरा हलक्या पाहुण्यारावळ्यांना, आणि पिवळी फाटकी पानं घरच्या कालवणात. त्यातही आधी पुरुष जेवणार, मग पोरं, आणि शेवटी पातेलं खरवडायला बाई. मेथी पिकवणाऱ्या बाईच्याच अंगात लोह नाही, हे त्या कोटवाल्या बाईनं हळू आवाजात समजावून सांगितलं, तेव्हा रंगूबाईला हसू आलं आणि मोहिनीला रडू. त्या दिवसापासून पोरीच्या मनानं घेतलं. कोटाचं एवढं नव्हतं. खाटेजवळ टेकून बाईमाणसाला ‘काय जेवलात’ असं विचारायचं आणि ती सांगेपर्यंत थांबायचं, ते तिला हवं होतं.

दोन हजार एक साली ती बारावी सायन्स झाली आणि शहरातल्या एका कॉलेजात आहारशास्त्राच्या बी.एस्सी.ला तिचा नंबर लागला. नवा अभ्यासक्रम, सरकारी अनुदान नाही, म्हणून फी दांडगी. घरात बातमी फुटल्याबरोबर आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. या अक्काबाई म्हणजे सावळीरामची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून माहेरीच राहत आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द त्यांचा असे.

“भाकरी थापायला शिकवत्यात आन् वर पैसे घेत्यात?” त्या म्हणाल्या. “लय हुशार बाई तुमचे शहरातले लोक. मी फुकट शिकवते, ये.”

थोरला भाऊ ज्ञानेश टेम्पो चालवायचा, त्याला व्यवहार कळायचा. त्यानं कुठं कुठं विचारून आणलं. बँक शिक्षणासाठी कर्ज देते, तीन वर्षांचे मिळून साठ हजार, वर्षाला वीस याप्रमाणे. शिकून झालं की पाच वर्षं हप्ता, महिना तेराशेच्या घरात. आणि दवाखान्यात अशा पोरींना पगार मिळतो तीन हजार, फार तर साडेतीन.

“म्हंजे निम्मा पगार बँकेचा,” तो म्हणाला. “राहिल्यात रिक्षाचं भाडं आन् चपला. त्यापेक्षा डी.एड. कर. मास्तरणीला पगारबी बरा आन् स्थळंबी बरी.”

कोथिंबीर बांधता बांधता ही चर्चा चालली होती. सावळीराम ओट्यावर बसून जुडीला पिळा देत होता. तो शाळेत चौथीपर्यंत गेलेला, पण हिशेब तोंडी करायचा आणि सगळा हिशेब जुड्यांत करायचा. पंचवटीच्या बाजारात संध्याकाळी पालेभाजीचा लिलाव होतो तो शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव पुकारतात. साठ हजार म्हणजे किती शेकडे, हे त्यानं मनात मांडलं असणार, कारण त्याचा हात थोडा वेळ थांबला. मग त्यानं पोरीला विचारलं, “तुझं काय म्हननं?”

मोहिनीनंही हिशेब केला होता. लपवालपवी तिला जमायची नाही.

“ज्ञानूदादा बरोबर बोलतोय, नाना. पैशात बघितलं तर नाही परवडत. पण मला तेच पाहिजे.”

सावळीरामनं जुडी पाटीत ठेवली.

“पायजे ना? मग झालं,” तो म्हणाला. “कोथमिरीचं बी टाकतो तवा भाव कुठं ठावा असतो?”

अक्काबाईंनी नाक मुरडलं, पण शेवटचा शब्द त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा झाला नाही.

शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका बँकेत कर्ज मंजूर झालं. पुढची दोन वर्षं मोहिनीच्या आयुष्यातली सोन्याची. सकाळी कॉलेज आणि दुपारी मळ्यात जुड्या बांधणं. बांधताना ती पाठांतर करायची. कोणत्या धान्यात काय, कोणत्या भाजीत काय. “नागली, कॅल्शियम. मेथी, लोह. लोहाबरोबर लिंबू, म्हणजे अंगी लागतं.” समोर बसलेल्या सावळीरामला तिच्या पाठांतराच्या तालावर पिळे द्यायची सवयच लागली. ती थांबली की त्याचाही हात थांबायचा. “हं, नागलीच्या पुढं काय?” तो विचारायचा. ऐकून ऐकून त्यालाही अर्धंमुर्धं यायला लागलं. लिलावात भाव पडला की तो व्यापाऱ्याला म्हणे, “अहो शेठ, लोह हाय त्यात! जरा वर जावा.” बाजारात त्याला काही दिवस सगळे लोहवाले मौले म्हणत होते. त्याची त्याला कोण ऐट!

घरातही फरक पडला. रोज पहिली जुडी रंगूबाईच्या पातेल्यात जाऊ लागली. मोहिनीनं तसा वटहुकूमच काढला होता. रंगूबाई पहिले काही दिवस चोरी केल्यासारखी खायची.

आता ती चूक. ती कळायची तर गावच्या सोसायटीची रीत माहीत हवी. शेतकऱ्याला पिकासाठी सोसायटी जे कर्ज देते, ते एकतीस मार्चच्या आत भरावं लागतं. भरलं की आठ-पंधरा दिवसांत तेवढंच, कधी थोडं जास्त, पुन्हा मिळतं. खिशात पैसे असोत नसोत, मार्चमध्ये गावातला प्रत्येक माणूस कुणाकडून तरी आठ दिवसांच्या बोलीनं पैसे उचलतो, सोसायटीत भरतो, नवं कर्ज काढतो आणि उसनवारी परत करतो. याला म्हणतात नवं-जुनं करणं. ज्यानं केलं तो सरळ माणूस. ज्यानं नाही केलं त्याचं नाव फळ्यावर लागतं आणि पुढं दमडी मिळत नाही. सावळीरामच्या बापाचं नाव कधी फळ्यावर लागलं नव्हतं, सावळीरामचंही नाही. ह्यात त्याची सगळी इभ्रत होती.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये मोहिनी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसली होती. शेवटच्या वर्षाचे वीस हजार बँकेकडून यायचे बाकी होते. सावळीरामला घोर लागला. आपण दोन वर्षांत बँकेत एकदाही नवं-जुनं केलं नाही. गेल्या मार्चला कुणी बोललं नाही, पण म्हणून आपण गप्प बसायचं? ऐन शेवटच्या वर्षाला बँकेनं पैसे अडवले तर पोरीचं काय? कुणाला विचारावं असंही त्याच्या मनात आलं नाही. सूर्य उगवतो का, असं कुणी विचारतं का? त्या महिन्यात कोथिंबिरीला बरा भाव होता, ते सगळे पैसे त्यानं बाजूला काढले. उरलेले आडत्याकडून, म्हणजे बाजारात त्याचा माल विकून देणाऱ्या दलालाकडून, आठ दिवसांच्या बोलीनं उचलले. धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून मार्चअखेरीला तो बँकेत गेला.

“सगळं भरायचं?” साहेबांनी विचारलं. अजून हप्ता सुरूही झाला नव्हता, आणि हा माणूस मूठ उघडून उभा!

“सगळं. खातं निल करा, साहेब.”

मार्चअखेर म्हणजे बँकेतही वसुलीची घाई. साहेबांनी चहा मागवला. असा कर्जदार आजवर पाहिला नाही म्हणाले. सावळीरामची छाती फुगली. येताना त्यानं पेढे घेतले आणि पेपर देऊन आलेल्या मोहिनीच्या हातावर पेढा ठेवून म्हणाला, “तुझं नवं-जुनं करून आलो बघ. आता आठ दिसांनी जाऊ आन् नवं उचलू.”

मोहिनीला शंका आली. शिक्षणाच्या कर्जाचं असं असतं? पण तिलाही पक्कं ठाऊक नव्हतं, ती त्याच घरात वाढलेली. आणि नानांचा चेहरा इतका उजळला होता की तिनं पेढा खाल्ला. तो पेढा तिला पुढं कितीदा आठवला, त्याला गणती नाही.

एप्रिलमध्ये बापलेक बँकेत गेले. चहा पाजणाऱ्या साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी दोनदा विचारलं, तेव्हा कुठं त्यांना उमगलं.

“अहो काका, हे पीककर्ज नाही,” ते म्हणाले. “कर्ज फिटलं, खातं बंद झालं. पुढची रक्कम त्याच्याबरोबर गेली. आता पुन्हा नव्यानं अर्ज.”

“मग घ्या की नवा. जुनं तर फेडलंय ना?”

साहेब वाईट नव्हते. त्यांनी मोहिनीला कोर्स विचारला, पगार विचारला, आणि तोच ज्ञानेशचा हिशेब पुन्हा केला. तीन हजार पगार. मुलगी. उद्या लग्न होऊन जाणार. हप्ता कोण भरणार? जमीन तारण ठेवा म्हणाले. जमिनीच्या उताऱ्यावर अक्काबाईंचं नाव आणि दोन चुलत्यांचं, त्यातले एक काका सही द्यायला तयार नाहीत. कॉम्प्युटरचा कोर्स असता तर बघितलं असतं, असंही साहेब बोलून गेले.

बँकेबाहेर द्वारकेच्या चौकात ट्रक, टेम्पो, रिक्षा यांचा नुसता गोंधळ चालला होता. सावळीराम रस्ता ओलांडायचा विसरून उभा राहिला. “पन मी तर फेडलं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “पोरी, मी तर फेडलं.” शेवटी मोहिनीनंच त्याचा हात धरून त्याला पलीकडं नेलं.

एक वर्ष थांबू, असं ठरलं. पण आठ दिवसांच्या बोलीचे आडत्याचे पैसे किती दिवस थकवणार? ते फेडण्यात ते वर्ष गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी कोथिंबीर इतकी मातीमोल झाली की लोकांनी शेतातच जनावरं सोडली. तिसऱ्या वर्षी देवळाली कॅम्पचं स्थळ आलं. सुनील, बाजारात किराणा दुकान, स्वभावानं गरीब. अक्काबाई म्हणाल्या, “शिक्षणाचं काय घेऊन बसली, पोरगी सोन्यासारखी हाय.” मोहिनी लग्न करून गेली. पुढं एकदा तिनं विद्यापीठात चौकशी केली तर नियम बदलले होते. पहिल्या वर्षापासून करा म्हणाले.

तिचं वाईट चाललं होतं असं कुणी म्हणणार नाही. दुकान बरं होतं. लष्करातल्या लोकांच्या बायका महिन्याचं सामान भरायला यायच्या, मोहिनी गल्ल्यावर बसायची. सुनील तिला कधी वाकडा शब्द बोलला नाही. मुलगी झाली. पण एखादी सुकलेली, डोळे आत गेलेली बाई साखर-चहापत्ती मागायला आली की मोहिनीच्या तोंडून निघून जाई, “काल रात्री काय जेवलात हो?” बाई हसायची. दुकानदारीण असं का विचारते? उधारी तर मागत नाही ना? मोहिनी मग साखर जोखून द्यायची. दर जूनला कॉलेजच्या पोरी वह्या छातीशी धरून बसथांब्यावर उभ्या दिसल्या की तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. इतकी वर्षं झाली, आता काय त्याचं, असं ती स्वतःला बजावायची. मन ऐकायचं नाही. तिला अजून ते पाहिजे होतं, काल पाहिजे होतं तितकंच.

बापाला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. बापही त्या गोष्टीबद्दल बोलला नाही. पण देवळालीला आला की बाजाराच्या पाटीतल्या सगळ्यात भरदार मेथीच्या जुड्या पिशवीत घालून आणायचा. “ह्या लिलावाला न्यायच्या नव्हत्या,” एवढंच म्हणायचा. मोहिनी त्या लगेच निवडायला बसायची आणि तो समोर बसून बघत राहायचा.

रंगूबाई गेल्यावर सावळीराम खाण्यापिण्याचं बघेनासा झाला. दोन हजार नऊच्या हिवाळ्यात पायाला साधी जखम झाली ती भरेना. तपासलं तर साखर भरमसाट. ज्ञानेशनं त्याला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं. मोहिनी देवळालीहून पहिल्या बसनं येऊन त्याच्या उशाशी बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा कोट आला. मोहिनीनं मान वर केली आणि दोघीही एकदम थबकल्या. प्रतिभा! कॉलेजात मोहिनीच्या शेजारच्या बाकावर बसणारी, सिडकोतली. परीक्षेच्या आधी मोहिनीकडून पाठ म्हणवून घेणारी.

“अगं, तू इथं?” प्रतिभा म्हणाली. मग खाटेकडं बघून, “हे काका तुझे...?”

“नाना माझे.”

प्रतिभानं आपलं काम आधी केलं. खाटेजवळ टेकून तिनं सावळीरामला विचारलं, काल रात्री काय जेवलात. मग काय खायचं, काय नाही, कशाबरोबर काय, किती वेळानं किती, हे शांतपणे सांगत गेली. चांगलं सांगत होती. मोहिनी पायथ्याशी उभी राहून ऐकत होती. उठताना प्रतिभा तिला जरा बाजूला घेऊन म्हणाली, “तू सोडलंस तेव्हा किती हळहळले होते मी. पण खरं सांगू? सुटलीस. परवाच्या दिवाळीला माझा शेवटचा हप्ता गेला. सगळा पगार त्यातच. लग्नात स्वतःला एक मणी केला नाही. आज इतक्या वर्षांनी आठ हजार देतात, आणि डॉक्टर म्हणतात, तुमच्यावाचून काय अडतंय? तुझं दुकान बरं. नानांनी तुला वाचवलं बघ.”

“मी भरले असते,” मोहिनी म्हणाली.

“काय?”

“हप्ते. मी भरले असते गं.”

प्रतिभाला पुढच्या खाटेवरून हाक आली आणि मोहिनीचा दंड दाबून ती गेली.

मोहिनी वळली तर सावळीरामचे डोळे उघडे होते. त्यानं ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर मोहिनीनं कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं, ओझं उतरवायला जागा सापडलेल्या माणसासारखं.

“ती म्हनाली ते खरं?” त्यानं विचारलं. “परवडलंच नसतं ना?”

इतकी वर्षं हा माणूस एवढं ऐकण्यासाठी मेथीच्या जुड्या आणत होता. मोहिनीनं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“नसतं परवडलं, नाना. बरंच झालं.”

सावळीरामनं डोळे मिटले. मोहिनीला वाटलं, झोपला. वॉर्डात भांडी वाजत होती, चहावाला येऊन गेला.

“मग एक सांग,” तो डोळे न उघडताच म्हणाला. “ती पोरगी मला सांगत व्हती, तवा तुझे ओठ हलत व्हते. ती एक शब्द बोलायची आन् तुझा आधीच बोलून झालेला.”

खोटं बोलायची मोहिनीला सवय नव्हती, आत्ताच एक बोलून झालं होतं आणि ते टिकलं नव्हतं. मग इतक्या वर्षांचं एकदम बाहेर पडलं.

“परवडलं नसतं, नाना. पण मला पाहिजे होतं. अजून पाहिजे.”

“ठावं हाय मला,” सावळीराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं, त्यानं ते पुसलं नाही. “त्या दिशी पेढा तूबी मुकाट खाल्लास. एक डाव वरडली असतीस मला, तर बरं झालं असतं.”

ती रडली, तो रडू देत राहिला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं. बऱ्याच वेळानं सावळीरामनं पांघरुणातून हात बाहेर काढला. जुड्यांना पिळे देऊन देऊन बोटं वाकडी झालेला हात. तो त्यानं खाटेच्या कडेवर ठेवला, ओट्यावर बांधायला बसल्यावर ठेवायचा तसा.

“त्या पोरीचं मला काय नाय समजलं,” तो म्हणाला. “लय भराभरा बोलती. तू सांग. नागलीच्या पुढं काय?”

मोहिनीनं तोंड पुसलं, स्टूल खाटेजवळ ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.